मीटिंगमध्ये गुपचिळी, स्टाफरूममध्ये गाऱ्हाणी

वाचकांचे प्रश्न : शिक्षकांवरचा ताण आणि बोलण्याची भीती

या वेळच्या टपालात शिक्षकांची पत्रे जास्त आहेत. शाळा दोनशिक्षकी असो की शहरातली विनाअनुदानित, काम फार आहे ही तक्रार पत्रात दोन ओळींत संपते. ते फार आहे हे वरच्यांना सांगायचे कसे, यावर पानेच्या पाने आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. सेवानियमांच्या प्रश्नांना शाळा-सेवेची प्रकरणे हाताळणाऱ्या वकिलांनी आणि बाकीच्यांना समुपदेशकांनी उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : अनुदानित माध्यमिक शाळेत सोळा वर्षे गणित शिकवतो. दर महिन्याच्या सभेत मुख्याध्यापक नवी कामे वाटतात आणि शेवटी विचारतात, “कुणाला काही अडचण?” सगळे खाली मान घालून बसतात. चहाच्या वेळी मात्र तोंडे सुटतात. यंदा एनएमएमएस या आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा जादा वर्ग, बदली तासिका (गैरहजर शिक्षकांचे तास) लावणे आणि विज्ञान प्रदर्शन ही तिन्ही कामे माझ्याकडे आली. “तुम्ही बोला, आम्ही पाठीशी आहोत” असे सहकारी म्हणतात. मागच्या वेळी बोललो तेव्हा एकही जण उभा राहिला नाही. सभेत ठामपणे कसे बोलावे?

सभेत बोलू नका. निदान सुरुवात तिथून नको. पंधरा जणांसमोर मुख्याध्यापकांना वाटप बदलणे म्हणजे माघार घेणे वाटते, आणि तुमचा साधा हिशेबही त्यांना आव्हानासारखा ऐकू येतो. सहकाऱ्यांच्या गप्प बसण्यालाही नुसता भित्रेपणा म्हणू नये. तुमच्या हातून सुटलेले काम कुणाच्या तरी गळ्यात पडणार, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळते. तुमची सुटका आणि त्यांची अडचण एकाच वाक्यात येत असेल तर ‘पाठीशी आहोत’ हे चहापुरतेच खरे असणार.

आधी एक पूर्ण आठवडा मोजा. डायरीच्या एका पानावर चार रकाने करा : वेळापत्रकातील तासिका, बदली तासिका, शाळेत केलेले इतर काम, घरी केलेले काम. मिनिटांत लिहा, आणि त्याच दिवशी लिहा. शनिवारी बसून आठवून लिहिलेला आठवडा नेहमी फुगतो आणि समोरच्याने एका नोंदीवर बोट ठेवले की सगळेच खोटे वाटू लागते. वहीतपासणी अशी मोजा : नववीच्या ६४ वह्या, एका वहीला तीन मिनिटे, म्हणजे १९२ मिनिटे, जवळपास सव्वातीन तास. ‘वह्यांचे खूप काम असते’ म्हणण्यापेक्षा हा आकडा टेबलावर ठेवणे बरे.

मग अर्धे पान. त्याचा नमुना असा :

“मा. मुख्याध्यापक यांस. विषय : एनएमएमएस जादा वर्ग व बदली तासिका. महोदय, ६ ते ११ जुलै या आठवड्यात वेळापत्रकातील ३२ तासिकांखेरीज माझ्या ६ बदली तासिका झाल्या. त्यामुळे नववी ‘अ’च्या ६४ वह्या तपासायच्या राहिल्या. एनएमएमएसचा वर्ग घेण्यास मी तयार आहे. त्यासाठी बदली तासिका लावण्याचे काम दुसऱ्या शिक्षकांकडे द्यावे, किंवा जादा वर्गाच्या तीन दिवशी मला बदली तासिका देऊ नये, ही विनंती. आपला निर्णय शुक्रवारपर्यंत कळल्यास पुढील आठवड्याचे नियोजन करता येईल.”

या पत्रात एकच आठवडा आहे, एकच अडचण आहे, एका कामाला स्पष्ट होकार आहे आणि निवडायला दोन पर्याय आहेत. विज्ञान प्रदर्शन मुद्दाम वगळले आहे. तीन कामांची तक्रार एकदम केली की त्यातले सर्वांत हलके काम कमी करून “झालं ना तुमचं?” म्हटले जाते. आणखी एक पथ्य : ‘अमुक सरांना काहीच काम नाही’ हे लिहायचे नाही, बोलायचेही नाही. दुसऱ्या दिवशी ते त्या सरांपर्यंत पोचते, मग भांडण दोन शिक्षकांचे होते आणि मुख्याध्यापक पंच बनतात.

कागद हातात देण्याआधी दहा मिनिटे वेळ मागून बोला. परिपाठाच्या गडबडीत, पगारबिलाच्या दिवशी किंवा संस्थेचे कुणी येणार असेल तेव्हा नको. उत्तर बहुधा “बघू” असे येईल. ‘बघू’ म्हणजे नकार नव्हे, होकारही नव्हे. दुसऱ्या दिवशी तो अर्ज दोन प्रतींत कार्यालयात द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व सही घ्या. लिपिक घेत नसेल तर शाळेच्या अधिकृत ईमेलवर पाठवा.

सभेचे इतिवृत्त हा राहिलेला धागा. ते न वाचता सही करण्याची सवय जवळपास सगळीकडे आहे. ‘सर्वानुमते ठरले’ असे लिहिले असेल आणि तुमचे मत वेगळे असेल, तर सहीपाशी एवढेच लिहा : “मुद्दा क्र. ४ बाबत माझे म्हणणे दि. १३ जुलैच्या अर्जात आहे.” वाद नको, खाडाखोड नको. कोऱ्या पानावर मात्र सही कधीच करू नका.

सगळ्यांनी मिळून निवेदन द्यायचे असेल तर सह्या ज्येष्ठता यादीच्या क्रमाने घ्या. म्हणजे पहिली सही कुणाची, म्हणजेच पुढारी कोण, हा प्रश्नच उरत नाही. एखादे निवेदन पहिल्या सहीवाचून आठवडाभर कपाटात पडून राहते, त्यापेक्षा हे सोपे.

प्रश्न : जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा, पट ३८. रात्री दहा वाजता ग्रुपवर मेसेज येतो, ‘उद्या ११ पर्यंत माहिती भरावी, अन्यथा कारवाई.’ त्यातच बीएलओचे, म्हणजे मतदार यादीसाठी केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचे काम. एका मॅडमनी ग्रुपवर “ही माहिती गेल्या महिन्यात दिली आहे” असे लिहिले तर सगळ्यांसमोर त्यांनाच झापले. तेव्हापासून सगळे होकाराच्या अंगठ्याचे चिन्ह टाकून मोकळे होतात. आम्हाला नाही म्हणण्याचा अधिकार आहे का?

काही कामांना आहे, काहींना नाही, आणि घोटाळा होतो तो सगळ्यांना एकच उत्तर देण्यात. कामांचे तीन ढीग करा.

पहिला ढीग नाकारता न येणाऱ्या कामांचा. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २७ ने शिक्षकांना अशैक्षणिक कामे देण्यास मनाई केली आहे, पण तीन अपवाद ठेवले आहेत : दहा वर्षांनी होणारी जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. बीएलओचे काम निवडणुकीत मोडते आणि २०२७ ची जनगणनाही यातच येते. इथे ‘का’ हा मुद्दा चालत नाही, ‘केव्हा आणि किती’ हा चालतो. लेखी आदेश घ्या. दोनशिक्षकी शाळेतले दोघेही एकाच काळात बाहेर असतील तर शाळा बंद पडते, हे आदेश क्रमांक घालून लिहा. बहुतेकांची चूक होते ती पत्ता लिहिताना. अर्ज केंद्रप्रमुखांकडे (आसपासच्या शाळांच्या गटाच्या प्रमुखांकडे) जातो, आणि आदेश असतो मतदार नोंदणी अधिकाऱ्यांचा. ज्यांनी आदेश काढला त्यांच्याच नावाने अर्ज करा, गटशिक्षणाधिकाऱ्यांना प्रत द्या. आजारपणाचे कारण असेल तर वैद्यकीय कागद पहिल्याच अर्जाला जोडा. मागाहून जोडलेल्या कागदाला ‘सुचलेले कारण’ समजले जाते.

दुसरा ढीग शाळेच्याच कामांचा : हजेरी, पोषण आहाराची नोंद, यू-डायस (शाळेची ऑनलाइन भरायची वार्षिक माहिती). कंटाळवाणी खरी, पण आपली. यांचा ताण बोलून कमी होत नाही, बसवून होतो. पाचवीपर्यंत दर मुलाला १०० ग्रॅम तांदूळ हे प्रमाण आहे, म्हणजे ३४ मुले हजर असतील तर ३ किलो ४०० ग्रॅम. पटावरच्या ३८ वरून तांदूळ काढून हजेरी नंतर भरली की महिनाअखेरीस साठा जुळत नाही आणि तो जुळवण्यात एक अख्खा रविवार जातो. हजेरी, मग माप, मग नोंद असा क्रम ठेवा. दोघांनी एक आड एक आठवडा हे काम वाटून घ्या. रोज दोघांनी थोडे थोडे केले की नोंद हमखास राहते.

तिसरा ढीग पुन्हा पुन्हा मागवल्या जाणाऱ्या माहितीचा. बोलायला खरी जागा इथे आहे. एका वहीत महिनाभर लिहा : माहिती कोणती, कुणी मागितली, मेसेजची तारीख व वेळ, मुदत, हीच माहिती आधी कधी व कोणत्या नमुन्यात दिली. केंद्रातल्या सात-आठ शाळांनी अशी पाने ठेवली की ती एकत्र करून केंद्राच्या शिक्षण परिषदेत मांडता येतात. मागणी छोटी ठेवा : ‘एकदा दिलेल्या माहितीत बदल असेल तेवढाच मागवावा, आणि संध्याकाळी सहानंतरच्या मेसेजला दुसऱ्या दिवशीची शाळा सुटेपर्यंत मुदत असावी.’ सोबत दोन आधार जोडा. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकांसाठी आठवड्याला ४५ तास धरले आहेत आणि त्यात पाठाची तयारीही मोजलेली आहे. दुसरा आधार ऑगस्ट २०२४ चा. तेव्हा शालेय शिक्षण विभागाने कामांची शैक्षणिक, अशैक्षणिक आणि अनिवार्य अशी वर्गवारी केली. तो शासन निर्णय छापून वहीत चिकटवून ठेवा.

ग्रुपवर उलट लिहायचे नाही, मॅडमचा मुद्दा बरोबर असला तरीही. ग्रुपवर साहेबांनाही प्रेक्षक असतात. सकाळी फोन करा : “सर, रात्रीचा मेसेज आत्ता पाहिला. रकाना १ ते ३ तयार आहेत, चौथ्याची जुळणी करून तीनपर्यंत देतो.” नकार न देता मुदत बदलून घेणे यालाच म्हणतात. आणि हा राग फेसबुकवर काढू नका. जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांना १९६७ चे वर्तणूक नियम लागू आहेत. माहितीच्या मूळ तक्रारीचे राहते बाजूला आणि तुमच्या पोस्टवरच नोटीस निघते.

(‘तातडीचे’ हा शब्द खात्यात इतका झिजला आहे, की उद्या खरोखर तातडीचे काही आले तरी त्यालाही अंगठाच मिळेल.)

प्रश्न : अनुदानित शाळेत शिक्षणसेवक म्हणून (कायम होण्याआधीची तीन वर्षे मानधनावर) दुसरे वर्ष चालू आहे. रुजू होताना संस्थेने तारीख नसलेल्या राजीनाम्यावर सही घेतली. मानधन बँकेत जमा होते, पण दर महिन्याला त्यातले काही रोख परत द्यावे लागतात. शिवाय सचिवांच्या घरच्या मुलांची शिकवणी. तोंड उघडले तर तिसरे वर्ष पूर्ण होऊ देणार नाहीत. रात्र रात्र झोप नाही.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. तुमची भीती खरी आहे, तिला धीराच्या गोष्टी सांगून उपयोग नाही. पण ज्या कागदाची सर्वांत जास्त भीती वाटते तो दिसतो तितका भक्कम नाही.

खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा अधिनियम राज्यातल्या सगळ्या मान्यताप्राप्त खासगी शाळांना लागू आहे, अनुदान असो वा नसो. त्याच्या कलम ७ मध्ये राजीनाम्याची पद्धत दिली आहे : पत्र दोन प्रतींत, दोन्हींवर सही आणि तारीख, एक प्रत नोंदणीकृत टपालाने व्यवस्थापनाकडे, दुसरी स्वतःजवळ. सह्या आधीच घेऊन ठेवण्याचे प्रकार कायदा करणाऱ्यांना माहीत होते, म्हणून तर टपालाची वाट ठेवली. तारीख नसलेला, टपालाचा शिक्का नसलेला, दुसरी प्रत नसलेला कागद संस्थेला शाळा न्यायाधिकरणासमोर (शाळा कर्मचाऱ्यांची अपिले ऐकणाऱ्या न्यायपीठासमोर) समजावून सांगावा लागतो.

तो कागद वापरला जाण्याआधी तुमचे पत्र टपालात पडले पाहिजे. मजकूर लहान ठेवा : “रुजू होताना दि. … रोजी माझ्याकडून तारीख नसलेल्या राजीनाम्यावर सही घेण्यात आली. राजीनामा देण्याचा माझा हेतू तेव्हा नव्हता, आज नाही. तो कागद ग्राह्य धरू नये.” हे संस्थेला पाठवायचे आणि प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्टाची वेगळी सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली, तेव्हा खिडकीवर नोंदणी आणि पोच दोन्ही मागून घ्या. पावतीची थर्मल छपाई काही महिन्यांत उडते, त्याच दिवशी झेरॉक्स काढा. पत्र आजच पाठवायचे की तिसऱ्या वर्षाच्या तोंडावर, हा निर्णय सोपा नाही. लवकर पाठवले तर संबंध लवकर बिघडतात, उशीर केला तर कागद आधी बाहेर येतो. आमचा कल लवकरकडे आहे. निदान पत्र लिहून, पाकीट पत्त्यासह तयार करून तालुक्याच्या वकिलांना दाखवून ठेवाच.

पैशांचे. शिक्षणसेवकाचे मानधन जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये आहे. ते तुमचे आहे. रोख दिलेल्या पैशाला माग राहत नाही, म्हणून दिलेल्या रकमेची तारीख, ठिकाण, कुणाच्या हातात दिली हे लिहून ठेवा, आणि त्याच दिवशी खात्यातून तेवढी रक्कम काढल्याची नोंद पासबुकात असू द्या. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ मध्ये सरकारी मदत घेणाऱ्या शैक्षणिक संस्थेचे पदाधिकारी व कर्मचारी लोकसेवकाच्या व्याख्येत येतात. हे अनेक संस्थाचालकांनाच माहीत नसते. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४ आहे. तिथे जायचे असेल तर पुढचा हप्ता मागितला की देण्याआधी जायचे, कारण सापळा मागणी झाल्यानंतर आणि पैसे देण्यापूर्वी रचला जातो.

उद्या खरेच काढले तर? परिवीक्षेतल्या, म्हणजे कायम होण्याआधीच्या चाचणी काळातल्या शिक्षकाच्या कामाचे वस्तुनिष्ठ मूल्यमापन करून त्याची नोंद ठेवणे १९८१ च्या नियमावलीतल्या नियम १५ नुसार मुख्याध्यापकांवर बंधनकारक आहे. ‘काम असमाधानकारक’ एवढे म्हणून भागत नाही. तेव्हा टाचण वही, लॉगबुकातले शेरे, वर्गाचे निकाल यांचे फोटो आत्तापासून काढत राहा. सेवासमाप्तीचा आदेश हातात पडल्यापासून ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते (कलम ९). तोंडी काढले तरी अपील होते, फक्त तारीख सिद्ध करावी लागते.

इथेच सर्वाधिक प्रकरणे बिघडतात. फाटकावरून परत पाठवले की माणूस खचून घरी बसतो आणि महिन्याने संस्था म्हणते, ‘ते स्वतःहूनच येत नाहीत.’ म्हणून दुसऱ्या दिवशीही वेळेवर जा, तिसऱ्या दिवशीही जा. दारात उभे राहून मुख्याध्यापकांना मेसेज करा : “१०.२० वाजता हजर आहे, सही करू दिलेली नाही.” दोन दिवसांत हेच पत्राने कळवा. मस्टरवरच्या आपल्या सह्यांचा फोटो दर महिन्याला काढलेला असेल तर फार उपयोगी पडतो.

शिकवणीचे काय? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ ने शिक्षकाला खासगी शिकवणी घ्यायला बंदी आहे. “नियमात बसत नाही, माझ्यामुळे तुमच्यावर बालंट नको” असे म्हणून यातून बाहेर पडता येईल. नकार नियमाच्या तोंडून आला की कमी बोचतो.

प्रश्न : आवाज सारखा बसतो. वर्गात ६८ मुले, शेजारी रस्ता. ‘घसा सांभाळा’ एवढेच सगळे सांगतात.

ओरडू नका हे खरे, पण कुजबुजूही नका. घसा बसला असताना कुजबुजल्याने स्वरयंत्रावर उलट जास्त ताण पडतो. सारखे खाकरणे बंद करून घोटभर पाणी प्या. सलग तीन तासिका बोलण्याच्या असतील तर मधल्या तासिकेत लेखन किंवा गटकाम ठेवा. गळ्यात अडकवायचा लहान माइक मिळतो, तो शाळेच्या खर्चातून लेखी मागा. मागायची लाज वाटण्यासारखे त्यात काही नाही, खडू आपण पदरच्या पैशाने आणत नाही. आवाजातला घोगरेपणा तीन आठवड्यांहून जास्त टिकला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र तपासून घ्या.

प्रश्न : आमच्या शाळेत आम्ही आठच कर्मचारी. एक वरिष्ठ सहकारी अंगचटीला येतात, घाणेरडे बोलतात. मुख्याध्यापक म्हणतात, “समिती दहा माणसांच्या वर लागते, आपल्याकडे नाही, मिटवून टाका.”

पहिला अर्धा भाग बरोबर आहे, दुसरा साफ चूक. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहापेक्षा कमी कर्मचारी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तालुक्याला तक्रार स्वीकारणारा समन्वय अधिकारी असतो आणि त्याने ती सात दिवसांत समितीकडे पाठवायची असते. तालुक्यात पत्ता लागला नाही तर जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे विचारा. केंद्र सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवरूनही तक्रार देता येते.

मुदत शेवटच्या घटनेपासून तीन महिने. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते, पण त्यावर विसंबू नका. तक्रारीच्या सहा प्रती, सोबत पुरावे आणि साक्षीदारांची नावे-पत्ते. प्रत्येक घटना वेगळ्या परिच्छेदात लिहा : तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द. ‘अश्लील बोलले’ असे सभ्यपणे लिहिले की तक्रार पातळ होते. शब्द जसेच्या तसे लिहायला हात धजत नाही हे समजते, पण समितीला तेच लागतात. घटनेनंतर लगेच कुणाला फोन किंवा मेसेज केला असेल तर तो जपून ठेवा.

चौकशी चालू असताना त्या सहकाऱ्याची किंवा तुमची बदली, अथवा तुम्हाला तीन महिन्यांपर्यंत रजा, अशी शिफारस समितीकडे लेखी मागता येते. समेट फक्त तुम्ही मागितला तर होतो, आणि तोही पैसे घेऊन नाही. ‘मिटवून टाका’ म्हणण्याचा हक्क मुख्याध्यापकांना कायद्याने दिलेला नाही.

प्रश्न : खासगी इंग्रजी शाळेत पाचवीला शिकवते. पालक दोन गुणांसाठी ग्रुपवर वाट्टेल ते लिहितात आणि मुख्याध्यापिका पालकांसमोरच मला माफी मागायला लावतात.

ग्रुपवर एकच उत्तर द्या : “उत्तरपत्रिका पाहण्यासाठी बुधवारी ३ वाजता शाळेत यावे.” गुणांची चर्चा तिथे नाही. भेटीला एकटे बसू नका, वर्गशिक्षक किंवा पर्यवेक्षक सोबत असू द्या. उत्तरपत्रिका, गुणदान योजना आणि कोरा कागद टेबलावर असावा. पालक बोलतील ते मुद्दे त्यांच्यासमोर लिहून घ्या. लिहिले जात आहे हे दिसले की आवाज आपोआप खाली येतो.

मुख्याध्यापिकांशी भेटीनंतर नव्हे, भेटीआधी बोला. “माझी चूक निघाली तर मीच पालकांना सांगेन आणि गुण दुरुस्त करीन. चूक नसेल तर उत्तरपत्रिका पाहूनच निर्णय सांगावा” एवढे कबूल करून घ्या. पालकांसमोर त्यांची घाई होते ती बहुधा प्रकरण झटपट संपावे म्हणून. संपवायची दुसरी वाट आधीच हातात दिली की माफीची वाट धरावी लागत नाही.

प्रश्न : रविवारी चार वाजल्यापासून पोटात गोळा येतो. सोमवारी शाळेच्या फाटकापाशी छातीत धडधडते. डॉक्टरांकडे गेले तर नोकरीत नोंद होईल का?

आधी साधी तपासणी करा : रक्तदाब, साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन. धडधड प्रत्येक वेळी मनाचीच असते असे नाही. छातीत दुखणे, दम लागणे असेल तर हे उत्तर वाचत बसू नका, आजच दवाखाना गाठा.

कामाने आलेला थकवा ओळखायच्या तीन खुणा आहेत : झोप घेऊनही न जाणारी दमणूक, मुलांविषयी-कामाविषयी कोरडेपणा किंवा चीड, आणि ‘आपल्याच्याने काही होत नाही’ ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये याची नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामाशी जोडलेली अवस्था म्हणून केली. म्हणजे कामाचे काही न बदलता नुसत्या गोळ्यांनी ते जाईल अशी अपेक्षा ठेवू नये. पण दोन आठवडे सलग, दिवसाचा बराच वेळ उदास वाटत असेल, आवडीच्या गोष्टींतही मन लागत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. सुट्टीत बरे वाटते आणि शाळा सुरू झाली की बिघडते, की सुट्टीतही तसेच राहते, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्यावरून बरेच कळते.

नोंदीविषयी : मानसिक आरोग्य अधिनियम २०१७ ने उपचारांची गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानला आहे. डॉक्टर शाळेला आपणहून काही कळवत नाहीत. वैद्यकीय रजेचे प्रमाणपत्र लागणार असेल तर त्यावर काय लिहिले जाईल हे आधीच त्यांच्याशी बोला. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार बाह्यरुग्ण विभाग असतो. फोनवर बोलायचे असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येते. जगणे नको असा विचार मनात येऊन गेला असेल तर सोमवारची वाट पाहू नका. आत्ता हा फोन लावा आणि घरातल्या एका माणसाला शेजारी बसवून घ्या.

रविवारच्या चार वाजताच्या गोळ्यासाठी एक उपाय करून पाहा : सोमवारचे टाचण आणि डबा-कपड्यांची तयारी शनिवारी दुपारीच संपवा, आणि शाळेचे ग्रुप रविवारी म्यूट. सोमवारची पहिली तासिका सर्वांत सोप्या वर्गावर मिळते का ते पाहा. वेळापत्रक लावणाऱ्या सरांना एवढे सांगायला कारण द्यावे लागत नाही.

प्रश्न : मी मुख्याध्यापक आहे. माझी दारे सर्वांना उघडी आहेत, तरी कुणी काही बोलत नाही. बाहेरून कळते की सगळे नाराज आहेत.

दार उघडे आहे, पण आत येणाऱ्याचे काय होते ते सगळ्यांनी पाहिलेले असते. मागच्या वर्षी कुणी सूचना केली आणि तुम्ही “छान, मग तुम्हीच करा” म्हणालात असे झाले आहे का, आठवून पाहा. शाळेत सूचना करणाऱ्याला शिक्षा म्हणून काम मिळते, आणि हे देणाऱ्याला शाबासकी वाटते. सहा महिने एक नियम पाळा : सूचना ज्याची, काम त्याला नाही.

“कुणाला काही अडचण?” हा प्रश्न सोडून द्या. त्याचे एकच उत्तर असते. विषयपत्रिका दोन दिवस आधी फळ्यावर लावा आणि तिच्याखाली लिहा, ‘या सत्रात कोणते एक काम बंद केले तर चालेल?’ चिठ्ठ्या घ्या, नावे नकोत. पण छोट्या स्टाफमध्ये अक्षरावरून माणूस ओळखू येतो, म्हणून चिठ्ठ्या स्टाफ सेक्रेटरींनी एका कागदावर उतरवून द्याव्यात. सभेत बोलायची सुरुवात सर्वांत नव्या शिक्षकापासून करा. ज्येष्ठ सर एकदा बोलले की शिक्षणसेवक त्यांना फक्त दुजोरा देतो. तुमचे मत सर्वांत शेवटी.

चिठ्ठ्यांतले निदान एक काम त्याच सभेत बंद करा, भले ते लहान असेल : एकच माहिती तीन वह्यांत लिहिणे, दर शनिवारचा अहवाल. संस्थेच्या किंवा खात्याच्या आदेशामुळे जे बंद करता येत नाही त्याचे कारण सांगा आणि आदेश वाचून दाखवा. पहिल्या दोन सभांत फारसे काही येणार नाही. तिसऱ्या सभेत एखादी चिठ्ठी तुमच्याविषयी येईल. ती सगळ्यांना वाचून दाखवा, अक्षर कुणाचे याचा शोध न घेता.